वाघोबाची चतुःसीमा

कुंडलिकराव भोर हे वकील आहेत, ही गोष्ट अख्ख्या आंबेगाव तालुक्याला ठाऊक आहे. ते आणखी काय आहेत, हे फक्त त्यांच्या पक्षकारांना कळतं, आणि तेही दावा निम्म्यावर आल्यावर. वाटपाचा दावा घेऊन एखादा माणूस घोडेगावला त्यांच्या टेबलापाशी येऊन बसतो. कागद दाखवतो, भावाला चार शिव्या देतो, चहा येतो. मग भोर वकील चष्मा कपाळावर ढकलतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "तुमच्याकडं बाळाच्या पाचवीला वरवंटा पुजतात, हे खरं आहे काय?"

पक्षकार दचकतो. यात कायद्याची काहीतरी मेख असणार अशी त्याची खात्री होते. तो बाहेर जाऊन आईला फोन लावतो, घाम पुसत परत येतो आणि सांगतो, "व्हय, पुजत्यात. आता काय व्हईल साहेब?"

व्हायचं काहीच नसतं. साहेबांच्या वहीत एक ओळ वाढते, एवढंच.

हा नाद त्यांना कुठून लागला ते कुणालाच सांगता येत नाही. महाळुंगे पडवळला त्यांच्या घरात कायद्याची पुस्तकं एका कपाटात मावतात. बाकीच्या तीन कपाटांत तालुक्याच्या रीतीभाती, जुनी गाणी, देवांची ठाणी, गुरांची नावं, शेतांची नावं असलं काय काय भरलेलं आहे. वैजयंतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. त्या पाहुण्यांना घर दाखवताना म्हणतात, "हे स्वयंपाकघर, हे देवघर, आणि ही यांची रिकामी उठाठेव." उठाठेवीला दर शनिवारी फडकं मात्र त्याच मारतात.

एकदा बेल्ह्याच्या बाजारातला बैलाचा दावा होता. दाखवला एक बैल आणि टेम्पोत चढवला दुसरा, अशी तक्रार. समोरच्या बाजूचा साक्षीदार मुरलेला व्यापारी. भोर वकील उलटतपासणीला उभे राहिले आणि बैल राहिला बाजूला, शिंगांवरच घसरले. पुढं वळलेल्या शिंगांचा बैल मारका निघतो, हे खरं आहे काय? व्हय. शिंगाच्या वळ्यांवरून वय कळतं, हे खरं आहे काय? व्हय. असं तेवीस वेळा "व्हय" झाल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, याचा दाव्याशी संबंध काय?"

"काही नाही साहेब," भोर वकील म्हणाले, "पण हा माणूस पुन्हा सापडायचा नाही."

दावा गेला. वहीत अडीच पानं आली. संध्याकाळी ते दावा जिंकल्यासारखे खूश होते.

मी कोर्टाच्या आवारात टायपिंगचं टेबल लावतो. रविवारी मात्र माझी जागा भोर वकिलांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर असते. डिंभ्याकडं जाणाऱ्या एसटीचा भरवसा नाही आणि स्कूटरचा त्याहून नाही. निदान ढकलायला दोघं असलेले बरे, म्हणून मी जातो. गेली वीसएक वर्षं आमच्या बहुतेक रविवारांचा मुक्काम एकच, जांभळमाळ.

जांभळमाळ दोन आहेत. एक डिंभे धरणाच्या काठावर, पत्र्यांच्या घरांची, समाजमंदिर असलेली. दुसरी त्याच धरणाच्या पोटात. धरण भरलं तेव्हा खालची वाडी पाण्यात गेली आणि माणसं वर आली. तरण्या पोरांना खालचं काही आठवत नाही, म्हाताऱ्यांना वरचं काही आवडत नाही. भोर वकिलांनी ठरवलं होतं की बुडालेल्या वाडीचा नकाशा करायचा. कुणाचं घर कुठं, कुठल्या शेताला काय म्हणत, पाणवठा कुठं, खळं कुठं. त्यासाठी त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून अकरा वह्या भरल्या.

या वह्या एकदा बघण्यासारख्या आहेत. दुसरा कुणी असता तर त्यानं गोष्टीसारखं लिहिलं असतं. भोर वकिलांनी साक्ष लिहिली. वर नाव, वय, धंदा, राहणार. मग, "हे म्हणणे खरे आहे की, आमचे घरासमोर उंबराचे झाड होते." खाली, "वाचून दाखवले, बरोबर आहे." आणि त्याखाली निळा अंगठा. शाईचं पॅड त्यांच्या खिशात कायम असायचं. सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे निळे.

गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता नकाशा पुरा झाला. मंचरला फ्लेक्सवर छापून घेतला, सहा फूट लांब, चार फूट रुंद. छापणाऱ्यानं सवयीनं खालच्या कोपऱ्यात "हार्दिक शुभेच्छा" टाकलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी देखणा झाला होता. हिरवी शेतं, निळा ओढा, चौतीस घरं, आणि मधोमध एका शेतात भगव्या रंगाचा वाघ, म्हणजे वाघोबाचं ठाणं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी समाजमंदिरात तो लावायचा, असं ठरलं होतं. फक्त वाडीच्या डोळ्यांखालून एकदा घालायचा राहिला होता.

आम्ही फ्लेक्सची गुंडाळी बंदुकीसारखी खांद्याला लावून गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर ती पसरली. अर्धी वाडी गोळा झाली. पोरं आपापल्या आज्यांची घरं शोधायला लागली. बहिरूबाबा, पंच्याहत्तरीचा गडी, गुडघ्यावर बसून सगळं न्याहाळत होता. वाघापाशी आल्यावर त्याच्या मिशा हलल्या.

"झ्याक," तो म्हणाला. "वकीलसाहेब, लई झ्याक. वाघ बराबर आमच्या शेतात दावलाय."

तेवढ्यात मागून काठी वाजली. चिमाबाई आली. वय ऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली, पण आवाज अजून डोंगर उतरून जाईल असा. बहिरू तिचा चुलतदीर. तिनं नकाशाभोवती एक फेरी मारली, वाघावर काठीचं टोक ठेवलं आणि म्हणाली, "ह्ये खोटं हाय."

"वहिनी, दिसतंय का तुमाला?" बहिरू म्हणाला.

"भाऊजी, मला तुमी बी दिसताय अन् तुमची लबाडी बी." मग ती वकिलांकडं वळली. "साहेब, ह्यो कागद हितं लागला तं वाघबारशीच्या पयल्या दुधाचा मान बहिरूच्या घराला जलमभर लिवून दिल्यावानी व्हईल. मी जित्ती हाय तवर लागायचा न्हाई."

वाघबारशीला वाडीतली घरं वाघोबासाठी खीर करतात. गुरांचा राखणदार तो. हल्ली उसातले बिबटे रस्त्यावर येऊन बसायला लागल्यापासून त्याचा मान जरा जास्तच मनापासून ठेवला जातो. घरोघरचं दूध एका पातेल्यात पडतं. पण पहिलं दूध कुणाच्या घरचं, यावर सगळं असतं. ज्याच्या जमिनीत वाघोबा, त्याच्या घरचं पहिलं. वाडी वर आली तेव्हा बहिरूनं वाघोबाचा दगड उचलून आणून आपल्या नव्या घरापुढं सिमेंटात बसवला होता, आणि तेव्हापासून पहिलं दूध त्याच्याच घरचं. चिमाबाई दरसाल आपला तांब्या घेऊन दुसऱ्या नंबरला उभी राहते आणि दरसाल एकदा तरी "हं" म्हणते. त्या "हं"चा अर्थ विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भोर वकील मात्र शांत होते. पुरावा त्यांच्याकडं होता. त्यांनी पिशवीतून सातवी वही काढली, पान उघडलं आणि वाचलं, "हे म्हणणे खरे आहे की, वाघोबाचे ठाणे बहिरू यांचे शेतात होते. वाचून दाखवले, बरोबर आहे." मग वही पुढं केली. "आजी, हा अंगठा कुणाचा?"

"माजा."

"मग?"

"मग काय? तुमी इचारलं, बहिरूच्या शेतात व्हता, खरं काय? मी म्हणले, व्हय."

"पण आता तर खोटं म्हणताय!"

चिमाबाईनं त्यांच्याकडं मोठ्या मायेनं पाहिलं. "अवं साहेब, आमच्या मालकानं मरताना सांगितलं व्हतं. वकिलानं काय बी इचारलं तरी व्हय म्हणायचं अन् घरची वाट धरायची. न्हाई म्हणलं की तारीख लागती."

ओट्यावर हशा पिकला. भोर वकील हसले नाहीत. त्यांनी समोरच्या म्हाताऱ्यांवरून नजर फिरवली. "तुम्ही सगळ्यांनी…?"

ठकूबाई नावाची एक म्हातारी पदराआड हसत म्हणाली, "आमच्या दारात उंबर व्हता का, आसं इचारलं तुमी. उंबर कुठला राव, आंबा व्हता! पर तुमी एवढ्या लांबून आलेले. म्हणलं, असू द्या उंबर."

परत येताना स्कूटर घोडेगावपर्यंत एकदाही बंद पडली नाही, तरी भोर वकिलांना त्याचं काही वाटलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी माझ्यासमोरच अकराच्या अकरा वह्या जमिनीवर मांडल्या आणि बसले वाचत. सगळीकडं तेच. हे म्हणणे खरे आहे की, हे म्हणणे खरे आहे की. वीस वर्षं त्यांनी लोकांना विचारलं नव्हतं, आपल्या मनातलं लोकांच्या तोंडी घातलं होतं. आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नसतो, हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पण भोर वकिलांची सगळी हयात समोरच्या बाजूची उलटतपासणी करण्यात गेली होती. जांभळमाळची म्हातारी माणसं ही आपली माणसं आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "रद्दीत घाल."

वैजयंतीवहिनी चहा ठेवून खाली बसल्या. "तुम्ही घरीसुद्धा असंच विचारता. आज वांगं केलंय, हे खरं आहे काय? केलेलं असतं दोडकं. पण तुमचा चेहरा बघून मी उठते आणि वांगं चिरायला घेते."

"कधीपासून?"

"लग्नापासून. आता मला एक प्रश्न विचारा. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा."

भोर वकिलांनी डोळे मिटले. चहावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "आज तुझा गुडघा दुखतोय, हे…"

"चूक."

"बरं. तुझा गुडघा… कसा आहे?"

वहिनींनी गुडघ्याबद्दल जे सांगितलं ते पाऊण तास चाललं. त्यात गुडघा होता, शाळेचा जिना होता, त्यांची थोरली बहीण होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदा महाळुंग्याला बैलगाडीतून उतरताना पाय मुरगळल्याची एक गोष्ट होती. ती भोर वकिलांनी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. त्यांचा हात दोनदा खिशातल्या पॅडकडं गेला. वहिनींनी तो दोनदा बाजूला केला.

"आता मे महिन्यात पाणी खाली जाईल," त्या म्हणाल्या. "त्या आजींना खाली घेऊन जा. तोंडातून एकच शब्द काढायचा, 'मग?' दुसरा काढलात तर मला यांनी येऊन सांगायचं." हे 'यांनी' म्हणजे मी. अशी मला सरकारी साक्षीदाराची नेमणूक मिळाली.

मे महिन्यात धरणाचं पाणी आटलं आणि खालची जांभळमाळ वर आली. वर आली म्हणजे काय, भेगाळलेला गाळ, बुंध्यांचे काळे खुंट आणि घरांच्या जोत्यांच्या ओळी. आम्ही सकाळी सकाळी उतरलो. चिमाबाई पुढं, काठी टेकत. मागं बहिरूबाबा, टोपीवर टॉवेल टाकून. त्याला बोलावलं नव्हतं. "माज्या शेतावर जायला मला पत्रिका लागती का?" म्हणत तो आला.

मला तर सगळीकडं सारखाच चिखल दिसत होता. चिमाबाई मात्र बाजारातून घरी निघाल्यासारखी चालत होती. एका जोत्यापाशी थांबली, चपला काढल्या आणि पाय उचलून आत टाकला. उंबरठा नव्हता तिथं, पण तिनं तो ओलांडला.

"ह्ये आमचं दार," ती म्हणाली.

भोर वकिलांच्या ओठांवर काहीतरी आलं. मी खाकरलो.

"मग?" ते म्हणाले.

आणि मग चिमाबाई सुटली. चूल कुठं, जातं कुठं, सासू कुठल्या कोपऱ्यात बसून हुकूम सोडायची, पहिल्या पावसाळ्यात माहेरच्या आठवणीनं आपण कुठल्या गोठ्यात जाऊन रडलो आणि कुठल्या गाईनं मान चाटली. ठकूबाईचा आंबा कुठं होता तोही खुंट दाखवला. अकरा वह्यांत नव्हतं एवढं दीड तासात आलं. भोर वकील नुसते "मग?" म्हणत होते आणि त्यांचा चेहरा वर्गात पहिल्यांदा गणित सुटलेल्या पोरासारखा दिसत होता.

मग आम्ही वाघोबाकडं आलो. चिमाबाई एका तुकड्यावर उभी राहिली. काठी रोवली. "हितं व्हता वाघोबा."

साठ-सत्तर पावलांवर बहिरू उभा राहिला. त्यानं पाय आपटला. "हितं व्हता! म्या सोता दगूड उचललाय हितनं!"

"तुमी उचलला ती गोष्ट येगळी, भाऊजी."

"येगळी कशी? देव काय चालत गेला?"

मी भोर वकिलांकडं पाहिलं. त्यांच्या मानेची शीर उडत होती. दोन परस्परविरोधी साक्षी, दोन्ही साक्षीदार समोर, आणि हातात उलटतपासणीचं चाळीस वर्षांचं शस्त्र.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय," चिमाबाई म्हणाली. "मी नवरी म्हणून आले त्या साली हितं आमच्या शेतात. मग पुढल्या साली ठकूबाईच्या माळावर. मग त्या वरल्या अंगाला. पाळी व्हती ना."

भोर वकील एका जोत्यावर खाली बसले. वैजयंतीवहिनींचा नियम ते विसरले आणि त्या वेळी मीही विसरलो. "आजी, वाघोबा… जागा बदलायचा?"

"गुरं बदलायची. दरसाल एकाच्या शेतात गुरं बसवायची, खताला. गुरं जिथं, वाघोबा तिथं. राखणदार हाय त्यो. गुरं हलल्यावर एकटा बसून काय करल बापडा?"

भोर वकिलांनी कपाळाला हात लावला. हसू आणि रडू यांच्या मधलं काहीतरी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "मी त्याची चतुःसीमा लिहीत बसलो!" ते मला म्हणाले. जमिनीच्या कागदात पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, अशा चार हद्दी लिहितात, ती चतुःसीमा. "वीस वर्षं मी देवाला स्थावर मिळकत धरून चाललो. आणि हा निघाला जंगम!"

बहिरू अजून तिकडंच उभा होता. टॉवेलनं तोंड पुसत होता. भोर वकील उठले, त्याच्यापाशी गेले आणि अगदी हळू म्हणाले, "मग, बहिरूबाबा?"

बहिरू गप्प.

कोर्टात हे भोर वकील साक्षीदाराला असं गप्प राहू देत नाहीत. लगेच पुढचा प्रश्न टाकतात. त्या दिवशी त्यांनी टाकला नाही. लांब पाण्याच्या कडेला बगळे चालत होते. बहिरूनं ते बघितले, मग आपल्या पायांकडं बघितलं.

"मग पाणी आलं," तो म्हणाला.

थोड्या वेळानं म्हणाला, "त्या साली वाघोबा आमच्याकडं व्हता. पुढली पाळी वहिनीची. दादा व्हता तवा, तिचा मालक. त्यानं तं जागा बी साफ करून ठिवली व्हती. पर त्याआदीच उठावं लागलं." मग एकदम तावात आला. "आता म्या दगूड तसाच टाकून यायचा का? आणला! सिमेंटात बसवला! चुकलं का माजं?"

"कोण म्हणतं चुकलं?" चिमाबाई म्हणाली. "आणला ते लई ब्येस केलं. पर सिमेंट तुमचं, भाऊजी. वाघ वाडीचा."

चढ चढताना बहिरूनं तिची काठी आपल्याकडं घेतली आणि हात पुढं केला. "धरा. तुमी पडला तं माज्या नावावर घालाल."

"घालणारच," म्हणत तिनं हात धरला.

मंचरच्या फ्लेक्सवाल्याकडं भोर वकील दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "तोच नकाशा ना? वाघ कुठं टाकू?"

"वाघ टाकू नका. नकाशा वेगळा, वाघ वेगळा."

"म्हणजे?"

"म्हणजे वाघ कापून द्या. हातात मावेल एवढा."

वाघबारशीला समाजमंदिरात नकाशा लागला. उंबराच्या जागी आंबा आला होता. खाली "हार्दिक शुभेच्छा" पुन्हा होतं. या खेपेला भोर वकिलांनी ते राहू दिलं. वाघ तेवढा मोकळा, त्यांच्या तळहातावर. तो लावायचा कसा याची खटपट सुरू झाली. कुणी टेप आणायला पळालं, कुणी खिळा शोधायला लागलं. चिमाबाईनं बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली, वाघ घेतला आणि आपल्या शेतात नेमका तिनं काठी रोवली होती तिथं टोचला. पुढल्या वर्षी ठकूबाईचा माळ, त्यापुढं वरचं अंग, अशी पाळी भोर वकिलांनी भिंतीवर लिहून लावली. खाली अंगठे नव्हते.

बाहेर बहिरूच्या घरापुढं चूल पेटली होती. पातेलं चढलं. बहिरू सवयीनं आपला तांब्या घेऊन पुढं झाला, मग थांबला, खाकरला आणि एक पाऊल मागं सरला. "चला वहिनी. ओता. का वकिलाची ऑर्डर पायजे?"

चिमाबाईच्या एकुलत्या गाईचं दूध पातेल्यात पडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं धुराला नावं ठेवली. त्या वर्षी ती "हं" म्हणाली नाही. बहिरू म्हणाला.

खीर वाटायची वेळ झाली तेव्हा भोर वकील एका कोपऱ्यात नवी बारावी वही घेऊन बसले होते. या वहीत प्रश्नच नाहीत, नुसतं माणसांचं बोलणं आहे. वैजयंतीवहिनी शेजारी बसून चुका काढत होत्या. चिमाबाई पळसाच्या पानावर खीर घेऊन आली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली.

"वकीलसाहेब, तुमाला सकाळधरनं भूक लागलीया, ह्ये खरं काय?"

भोर वकिलांनी वही मिटली.

"व्हय," ते म्हणाले.

"मग?" म्हणून तिनं दुसरं पानही पुढं केलं.